कारबन

१९८३ साल. परभणीतलं एक गॅरेज. मालकानं पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली, "तू कारबन काढायचा. पाना माझा भाचा धरील." माझा चहाचा कप खिडकीत वेगळा, पालथा. का, ते दोस्तांनो तुम्हाला सांगायला नको.

राजदूत म्हणजे टू स्ट्रोक. पेट्रोलातच ऑइल मिसळायचं. ते जळतं आणि हेडात, पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्टच्या भोकात काळा थर धरतं. थर वाढला की गाडी चढाला दम टाकते. तो काढणं घाणीचं काम, म्हणून माझं. स्क्रूड्रायव्हरनं अल्युमिनियमला चरे पडतात. मी बांबूची चीप तासून घ्यायचो. घासलेटात भिजव, खरवड, पूस. बॅरल धुताना आत बोट फिरवायचो. वरच्या काठाखाली नखाला पायरी लागायची. रिंगा तिथवरच चढतात, तिथून खाली बीड झिजतं. पायरी मोठी असली तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागतो. मला हे कुणी शिकवलं नाय. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, मी डब्यापाशी बसून नखानं ताडून बघायचो.

एकदा भाचा बॅरल चढवत होता. टू स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारकी पिन असते, रिंगेची टोकं तिथंच बसावी लागतात. वरची रिंग फिरलेली मला दिसली.

"दादा, रिंग..."

"तू तुझा डबा बघ."

बॅरल अडला. त्यानं ठोकळ्यानं हाणला. किक मारली, गाडी खरखरली, बंद. उघडली तर रिंगेच्या तुकड्यानं बोअरमधे नांगर फिरवलेला.

मालक माझ्यावर आला, "साल्या, कारबनचा खडा आत ठेवलास!" मी तुकडा दाखवला. त्यानं तो गटारात भिरकावला. दोन महिन्यांचा पगार बोअरिंगला गेला.

नामांतराच्या मोर्चाला जाणारी वस्तीतली पोरं म्हणाली, लाथ मार. मी मारली नाही. त्यांनी भित्रा म्हटलं, खरंही असेल. पण मला अजून हेड आवळता येत नव्हतं, आणि ते बघायला दुसरी जागा नव्हती.

मालक गेल्यावर भंगारातल्या इंजिनावर हात बसवला. समोरासमोरचे नट, थोडे थोडे, आळीपाळीनं. एकच कच्चून आवळला तर हेड वाकतं. खोलायचंही इंजिन गार झाल्यावरच.

दिवाळीत भाचा गावी गेला आणि एक गाडी आली. मी पाना उचलला. गिऱ्हाईक घाईत होतं, मालक काही बोलला नाही. १९८६ ला मी ते गॅरेज सोडलं. तोवर बोअरचं मापही मीच घेत होतो. चहा मात्र त्याच कपात.