नळीतला बुडबुडा

आमचं घर सिंदी मेघेत. म्हणायला गाव, पण वर्धा शहराला इतकं चिकटलेलं की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं, हे नव्या माणसाला कळत नाही. शेतांचे ले-आउट पडले, प्लॉट विकले गेले, घरांना लागून घरं उभी राहिली. त्यातली काही आमच्या घरच्या माणसांनी बांधली. अब्बा मिस्त्री. दोन्ही चाचा वीटकाम आणि प्लास्टर करायचे. मामू सेंट्रिंगचं पाहायचे. मामूंचा मुलगा, माझा धाकटा भाऊ आणि सुट्ट्यांत मी, असे आम्ही तिघं माल कालवायला, विटा द्यायला आणि बोलणी खायला.

घरच्या माणसांबरोबर काम करण्यात एक सोय असते आणि तीच अडचणही असते. चुकला म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. रात्री त्याच दस्तरखानावर त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं असतं. म्हणून आमच्याकडे चुकीची शिक्षा एकच होती, हसणं.

हसायला कारणंही कमी नव्हती. एकदा धाकट्या चाचांनी आपला मोबाइल पायाडाच्या बल्लीसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकात ठेवला आणि ते वुजूला गेले. बल्ली आधीच काढलेली होती. भावाला वाटलं, भोकं बुजवायची राहिलीत. त्यानं विटेचा तुकडा आणि सिमेंट घालून ते छान बुजवून टाकलं. तासाभरानं भिंत वाजायला लागली. चाचा चारही भिंतींना कान लावत फिरले. छन्नीनं भोक मोकळं केलं तेव्हा फोन अजून वाजत होता. पलीकडून चाची विचारत होत्या, "एवढा वेळ कुठं होतात?" चाचा म्हणाले, "भिंतीत."

पुढं त्याच भावाला नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम दिलं. सिमेंटला पाणी लागतं. निदान आठवडाभर भिंत ओली ठेवली नाही तर ती कच्ची राहते, आणि विदर्भाच्या मे महिन्यात तर सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. भाऊ दोन दिवस मन लावून पाणी मारत होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या प्लॉटचे मालक अब्बांचे आभार मानायला आले. पाणी त्यांच्या भिंतींवर पडत होतं! दोन्ही प्लॉटवर सारखीच अर्धवट घरं होती. अब्बांनी कपाळाला हात लावला, मग तेही हसले. "चला, शेजाऱ्याचा हक्क तरी अदा झाला."

अशा गोष्टी आजही ईदला निघतात. पण एक गोष्ट निघाली की मी थोडा गप्प होतो. ती सांगण्यासाठीच हे लिहितोय.

तेव्हा मी डी.एड. करत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कामावर जायचो, पण डोक्यात कॉलेज असायचं. मामेभाऊ माझ्याच वयाचा. मामू आजारी पडले त्या वर्षी त्याची शाळा सुटली, ती सुटलीच. कामाला माझ्यापेक्षा दुप्पट, बोलायला निम्मा.

घराची पातळी काढायला आम्ही पाण्याची पारदर्शक नळी वापरायचो. एक टोक एकाकडं, दुसरं दुसऱ्याकडं. पाणी दोन्ही टोकांत सारख्याच उंचीवर थांबतं, तिथं भिंतीवर खूण करायची. अट एवढीच की नळी नेताना पाणी सांडू नये म्हणून टोकावर धरलेला अंगठा खूण करताना काढायचा. मामेभाऊ नवा असताना अंगठा काढायला विसरला होता. पाणी जागचं हलेना आणि चाचा पलीकडून ओरडत राहिले. त्या दिवशी मी त्याला नाव ठेवलं, "अंगठेबहाद्दर." सगळे खदखदून हसले. शाळा सुटलेल्या मुलाला हे नाव कुठं लागेल, याचा मी विचार केला नाही. खरं सांगायचं तर केला होता. म्हणूनच ते मला सुचलं.

त्या उन्हाळ्यात एका निवृत्त गृहस्थांचं घर चालू होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंती वरपर्यंत आल्या, सेंट्रिंगच्या प्लेटा चढवायच्या आदल्या दिवशी अब्बांनी दोरी ताणून पाहिली. स्वयंपाकघराकडची बाजू दीड इंच वर होती. खुणा आम्ही दोघांनीच केल्या होत्या, मी आणि मामेभावानं. कुणी काही विचारायच्या आत मी म्हणालो, "अंगठेबहाद्दर! पुन्हा अंगठा ठेवलास वाटतं!" हशा पिकला. तो हसला नाही. "मी काढला होता," एवढंच म्हणाला. त्यावर आणखी हसू.

मोठे चाचा म्हणाले, प्लास्टरमध्ये झाकून टाकू, मालकाला काय कळतं? अब्बांनी मान हलवली. "त्याला नाही कळणार, पण आपल्याला कळलंय ना." खिडकीवरची पट्टी आणि वरचे थर फोडायचे, सिमेंट आपलं, दोन दिवसांची मजुरीही आपलीच, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मामेभाऊ आलाच नाही. मुमानींनी निरोप धाडला की तो वीटभट्टीवर काम शोधायला गेलाय.

खुणा पुन्हा करायच्या होत्या. नळी आदल्या वेळची, दोन्ही टोकं बांधून तशीच खुंटीला लटकवलेली. अब्बांनी एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "इकडं ये. आधी दोन्ही टोकं एकमेकांशेजारी धर." मी धरली. पाणी जुळायला हवं होतं. दोन बोटांचा फरक होता. अब्बांनी नळी उन्हाकडं धरून हळूहळू सरकवली. मधल्या एका वळणात बोटभर लांब बुडबुडा अडकून बसला होता. नळीत हवा राहिली की पाण्याची पातळी खोटी दिसते.

नळी मी भरली होती. बादलीतून पाणी ओढून सगळी हवा निघेपर्यंत ते वाहू द्यायचं असतं, मग टोकं जुळवून पाहायची. मी घाईत होतो. शिवाय पाणी आपली पातळी कधी सोडत नाही, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

अब्बा मला काहीच बोलले नाहीत. ते शाळेत फार शिकले नव्हते, पण जुम्याचा खुतबा लक्ष देऊन ऐकायचे. दुपारी जेवताना सगळ्यांदेखत त्यांनी एवढंच सांगितलं, की सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवायला आणि वाईट नावं ठेवायला मनाई आहे, आणि आपण घरातल्या घरात हे कित्येक महिने करत आलो. "मीही हसलो होतो," ते म्हणाले. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, नळी कुणी भरली होती ते. त्या वेळी कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी मामूंच्या घरी गेलो. तो अंगणात भट्टीची राख झटकत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या येतो. पण आता तुला एक नाव ठेवू का? बुडबुडा. चालेल ना?"

मी म्हणालो, चालेल. आणि मग आम्ही दोघं पोट धरून हसलो. आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं. त्यानं मला विचारलं.

आज मी शिक्षक आहे आणि तो मिस्त्री. अब्बांची थापी आणि ओळंबा त्याच्याकडं आहेत. कामावर नवा पोरगा आला की तो पहिल्याच दिवशी त्याच्याकडून नळी भरून घेतो आणि दोन्ही टोकं एकमेकांशेजारी धरायला लावतो. मागच्या ईदला मी त्यांच्याकडं गेलो, तर एका पोरानं आत वर्दी दिली, "उस्ताद, बुडबुडे गुरुजी आले!"

शीरखुर्म्याची पहिली वाटी मलाच मिळाली.