कृष्णाकांठचे दोन खेळाडू

कराड येथें कृष्णा व कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींस भेटतात, म्हणून त्या स्थळास 'प्रीतिसंगम' हें नांव पडलें आहे. प्रवासी मंडळी बहुधा घाटावरूनच परततात. परंतु ज्यांच्या घरीं खेळकर मुलें आहेत त्यांनीं कराडनजीकच्या गोळेश्वर गांवीं अवश्य जावें. हें खाशाबा जाधव यांचें गांव. त्यांचा जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. तेव्हां तांबडी माती अंगास लहानपणींच लागली.

मात्र १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें कुस्ती गादीवर होती. मातींत पाय रोवतां येतो, गादीवर डावाची चालच बदलते. तेथें रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानें त्यांस शिकविलें, आणि ते सहावे आले.

परक्याकडून विद्या घेण्यांत कमीपणा कसला? होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकानें १८७२ च्या सुमारास टोकियोंतील विद्यार्थ्यांस बेसबॉल शिकविला. पुढें १८९६ सालीं तेथील पहिल्या उच्च विद्यालयाच्या मुलांनीं योकोहामाच्या अमेरिकन संघास २९ विरुद्ध ४ गुणांनीं हरविलें! १९०५ सालीं तर वासेदा विद्यापीठाचा संघ खेळावयास अमेरिकेस गेला. खेळ परका होता. पण तो विद्यालयांत रुजला, म्हणून देशाचा झाला.

आपल्याकडे काय झालें पहा. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यास खाशाबांजवळ पैसा नव्हता. तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यांच्या गटाचें सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यानें जिंकलें. त्याच्या देशांत वासेदा विद्यापीठानें १९३१ पासूनच गादीवरच्या कुस्तीचा आखाडा चालविला होता.

कराडाहून कृष्णेच्याच कांठानें खालीं गेलें कीं सांगली लागते. पटवर्धनांच्या गणपतीचें दर्शन घेतांना हेंहि ध्यानांत असावें कीं, विजय हजारे १९१५ सालीं याच गांवीं जन्मले. त्यांनाहि परदेशी गुरु लाभला, ऑस्ट्रेलियाचा क्लॅरी ग्रिमेट. त्याच १९५२ सालच्या फेब्रुवारींत, मद्रास येथें, हजाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें इंग्लंडला नमवून पहिला कसोटी विजय मिळविला.

क्रिकेटला संस्थानिकांचा आश्रय होता, कुस्तीला एका प्राचार्यांचें घर. म्हणूनच पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठीं आपणांस १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें, थांबावें लागलें. नदीकांठीं गुणी मुलें आजहि जन्मतात. त्यांच्यासाठीं कोणास घर गहाण टाकावें न लागो, एवढी व्यवस्था शाळांनीं व आपण पालकांनीं करावयास नको काय?