भंडाऱ्याचे पाणी, रान आणि आपला कॅमेरा

सहलीचे फोटो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोकणचा समुद्रकिनारा येतो, महाबळेश्वरचे डोंगर येतात. सिनेमाने आणि कॅलेंडरांनी आपल्याला तेच शिकविले. सुंदर म्हणजे दूरचे, आणि दूरचे म्हणजे पैशाचे! मग रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने निसर्ग पाहायचा तरी कधी आणि कुठे?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, हे खरे. पण ज्या जिल्ह्याला साऱ्या महाराष्ट्रात तलावांचा जिल्हा म्हणून ओळखतात, त्याला किनाऱ्यांची वाण कशी असेल? मधून वैनगंगा वाहते, उत्तरेला तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्या उतरत येतात, आणि गावोगावी पाणी आहे. हे सारे पाहायला एस.टी.चे तिकीट पुरते, आणि टिपायला खिशातला साधा मोबाईल पुरतो. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल लग्नासाठी जपून ठेवावा लागे. आज तो खर्च उरलेला नाही. लागते ती नजर, आणि थोडा धीर.

पाळीवर बसून

सुरुवात गावच्या तलावापासूनच करावी. आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे काही निसर्गाने आपोआप दिलेले नाहीत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या, आणि त्यासाठी माती वाहिली ती कष्टकऱ्यांच्या डोक्यांनी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. मासेमारी मात्र ढिवर बांधवांच्याच हाती राहिली. तेव्हा तलावाचा फोटो काढताना केवळ पाणी न पाहता ती पाळही पाहावी. ती आपल्या पूर्वजांच्या घामाची पाळ आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा हंगाम. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्या भागात उतरतात. कमळाच्या पानावर लांब बोटे टेकीत चालणारा कमळपक्षी, गोगलगाई खाणारा, चोचीत फट असलेला करकोचा, जांभळी पाणकोंबडी, ही मंडळी तर घरचीच. पहाटे पाळीच्या आडोशाला उगवता सूर्य पाठीमागे ठेवून बसावे. भडक कपडे नकोत, बोलणे नको. आपण पक्ष्याकडे चालत गेलो की तो उडतो. आपण स्वस्थ बसलो की तोच चरत चरत जवळ येतो. मोबाईलमधले झूम फार ओढू नये, चित्र फाटते. पक्षी लहान दिसला तरी चालेल. त्याच्याभोवती पाणी, कमळ, धुके दिसले की तो कुठे राहतो हे कळते. आणि फ्लॅश कधीही नको.

याच तलावात बेशरमची झुडपे माजलेली दिसतील. त्यांचाही फोटो काढावा. ही परदेशी वनस्पती पसरली की देशी पाणवनस्पती मरतात, मग माशांचे खाद्य जाते, मग पक्षी जातात आणि शेवटी ढिवराच्या घरची चूल थंडावते. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या, आज गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर भगिनींनी कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेव्हा मासे वाढले, पक्षीही परतले. तलावाची आजची आणि पाच वर्षांनंतरची अवस्था शेजारी ठेवून दाखविता आली, तर ग्रामसभेत ते चित्र शंभर भाषणांपेक्षा अधिक बोलेल.

धानाच्या बांधीतला पाहुणा

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातच उरला आहे, आणि भंडाऱ्यात तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. जोडीने राहतो, पावसाळ्यात बांधीत किंवा तलावाच्या काठी गवताचे घरटे रचतो, बहुधा दोन अंडी घालतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे होते, त्याचे थोडे धान तुडविले जाते. तरीही कित्येक शेतकरी ते सोसून घरट्याची राखण करतात. अशा शेतकऱ्याचे नाव कुठल्या कॅलेंडरवर येत नाही.

सारस दिसला तर दुरूनच, रस्त्यावरूनच फोटो घ्यावा. घरट्याजवळ मुळीच जाऊ नये, आणि घरट्याचा ठावठिकाणा मोबाईलवर चारचौघांत पसरवू नये. एका माणसाने काढलेला फोटो पाहून पन्नास माणसे आली, तर जोडी घरटे सोडून जाते. जखमी हंसाला छातीशी धरणाऱ्या सिद्धार्थाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. बाण मारणे आणि फोटोसाठी पाखराला उठविणे यात अंतर आहे. पण भ्यालेल्या पाखराला ते अंतर कळत नाही.

रान आणि रानफुले

भंडारा शहरापासून वीसेक किलोमीटरवर कोका अभयारण्य आहे. २०१३ साली ते जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. पवनीच्या बाजूला २०१२ चे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ वाघ २०१३ साली शेते, रस्ते, वस्त्या ओलांडून तिथे पोचला. त्याच्या नावाने दूरदूरचे पर्यटक आले. एप्रिल २०१६ नंतर तो कुणालाही दिसला नाही. हजारो फोटो उरले, वाघ उरला नाही.

याच अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी फोटोच्या हव्यासापायी जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणून रानात जायचे तर प्रवेशद्वारावर नियम विचारून घ्यावेत. मोबाईल आत नेता येतो की नाही, हेही विचारावे.

आणि वाघ दिसलाच पाहिजे असे कुठे आहे? फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकाठचा पळस पेटल्यासारखा फुलतो. त्याचा फोटो बसच्या थांब्यावरूनही येतो. आभाळ निळे असताना फांदी खालून टिपली की केशरी रंग उठून दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटपतात. पुढे उन्हाच्या कहरात बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुले कुंपणावर चढतात. ती टिपावी, पण लहान मुलांनी हाताळू नये, तिचा कंद विषारी असतो. ऐनाच्या झाडावर कोसाचे किडे वाढतात, पाखरांपासून त्यांची राखण करणारे बांधव झाडाखाली बसलेले असतात. दिवाणखान्यातल्या रेशमी कापडाचा जन्म इथे होतो, हे मुलांना दाखविण्यासारखे आहे. दुपारचे ऊन फोटोला वाईट आणि डोक्यालाही वाईट; सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चारनंतरच काम करावे.

पवनी: छिन्नीने टिपलेला निसर्ग

सहलीचा एक दिवस पवनीसाठी ठेवावा. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथ टेकडीच्या मातीखाली मोठा बौद्ध स्तूप सापडला. दगडी कठड्यांच्या शिल्पांत वृक्षपूजा आहे, फणा उभारलेला मुचलिंद नाग आहे. म्हणजे झाड, पान, प्राणी टिपण्याचे काम आपल्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच झाले. फक्त तेव्हा हाती छिन्नी होती. दगडावरचे कोरीव काम टिपायचे तर ऊन समोरून नको, बाजूने तिरपे हवे. मग रेघ न् रेघ उठते.

तिथून वैनगंगेवरचे गोसेखुर्द धरण जवळ आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. संध्याकाळी ते पाणी खरोखर समुद्रासारखे दिसते. मुलांना हेही सांगावे की या पाण्याखाली गावे आहेत, शेते आहेत, कुणाकुणाची अंगणे आहेत. आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते. सुंदर फोटोच्या मागची हकिकत ठाऊक असली, म्हणजे नजर शहाणी होते.

माणूस म्हणजे देखावा नव्हे

शहरातून मोठे कॅमेरे घेऊन लोक येतात. जाळे फेकणारा ढिवर, रोवणीला वाकलेल्या बाया, मोह वेचणारी म्हातारी, यांचे फोटो काढतात आणि निघून जातात. नाव विचारीत नाहीत. ते फोटो कुठे कुठे छापून येतात. खाली लिहिलेले असते, ‘ग्रामीण सौंदर्य’. ज्या बाईची कंबर चिखलात दिवसभर वाकलेली आहे, तिला विचारा ते सौंदर्य!

आपण तसे करू नये. आपलीच आई, आपलीच बहीण त्या बांधीत उभी आहे. आधी बोलावे, नाव विचारावे, परवानगी घ्यावी. ‘नाही’ म्हटले तर मोबाईल खिशात ठेवावा. घाटावर धुणे धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या बायकांकडे तर कॅमेरा वळवूच नये. आणि फोटो चांगला आला तर त्याची एक प्रत छापून त्या घरी नेऊन द्यावी. कित्येक घरांत आजीचा एकही फोटो नसतो.

फोटोचे पुढे काय?

मुलामुलींनी एक वही करावी. प्रत्येक फोटोपाशी तारीख, तलावाचे किंवा रानाचे नाव, आणि त्या फुलाला, पाखराला, माशाला आपल्या गावात काय म्हणतात ते लिहावे. पुस्तकातले नाव नंतर सापडेल. गावचे नाव मात्र आजोबांबरोबर जाईल. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहायला मागावी. तिच्यात आपल्या तलावाची देवधान, शिंगाडा, कमळ आहे का? ढिवर काकांना ठाऊक असलेले मासे आहेत का? नसतील तर आपली वही समितीपुढे ठेवावी.

कारण उद्या कुणी म्हणेल, इथे कधी काही नव्हतेच, पडीक पाणी होते, बुजविले तर काय बिघडले? त्या दिवशी तारखेनिशी, नावानिशी ठेवलेला एक साधा फोटो पुरावा म्हणून उभा राहील. येत्या रविवारी मुलांना घेऊन आपल्या तलावाच्या पाळीवर जा, आणि सोबत वही न्यायला विसरू नका.