देहूरोड ते मळवली : एका सहलीचा जमाखर्च

२५ डिसेंबर ही तारीख आपल्या माणसांच्या लेखी दोनदा मोलाची आहे. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५४ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्ती बसवली. मूर्ती रंगूनहून आलेली. नागपूरची दीक्षा व्हायला तेव्हा पावणेदोन वर्षांवर अवकाश होता. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी बुद्धापुढे हात जोडले ते दीक्षेच्या आधी, इथे पुण्याच्या अंगणात. बाकीच्या जगाला ही तारीख नाताळची म्हणून ठाऊक आहे आणि सुट्टीही नाताळचीच मिळते. आम्ही ती आमच्या कामाला लावतो.

२०२४ साली वस्तीतल्या विहारातून आम्ही ३४ जण निघालो. त्यात बाया १५, पोरे ११, उरलेले बापे. माणशी वर्गणी शंभर रुपये, पोरांना माफ. वर्गणीवरून नेहमीप्रमाणे दोघांनी कुरकुर केली आणि नेहमीप्रमाणे त्यांनीच सगळ्यात जास्त वडापाव खाल्ले. सकाळची लोणावळा लोकल खडकीला पकडली. रेल्वेचे तिकीट म्हणजे दोन कप चहाचे पैसे. सहल म्हटली की आपली माणसे हल्ली आधी ट्रॅव्हल्सची बस ठरवायला धावतात आणि मग कर्ज काढल्यासारखे तोंड करून बसतात. लोकल असताना बस कशाला, हे आम्ही दर वर्षी सांगतो.

गाडीत बसल्याबसल्या तरुण मंडळींनी स्पीकर काढला. भीमगीतच लावले होते, पण डीजेवाले. खालून नुसता दणका, वरून बाबासाहेबांचे नाव. आमच्यात एक काका आहेत, त्यांनी उमेदीत वीस वर्षे गायन पार्टीत ढोलकी वाजवली. जयंतीला रात्र रात्र कव्वालीचे सामने चालत, दोन पार्ट्या समोरासमोर, आणि उत्तर देता आले नाही तर दुसऱ्या दिवशी वस्तीत तोंड दाखवायची पंचाईत. त्या काळची ही माणसे. काकांनी कान देऊन ऐकले आणि पोराला विचारले, "शब्द कुणाचे रं हे?" पोराला सांगता येईना. स्पीकरवाल्याचे नाव मात्र त्याला ठाऊक होते.

आम्हाला स्वतःला डीजेचा राग नाही. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कॅसेटवरून झोपडीझोपडीत गेला. तेही त्या त्या काळचे नवे साधनच होते. प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठलाची गाणी गायली तशी भीमाचीही गायली, आणि आपल्या माणसांनी दोन्ही कॅसेटी एकाच फळीवर ठेवल्या, हे कुणी नाकारू नये. पण तेव्हाच्या गाण्यात काहीतरी सांगितलेले असायचे. महाड काय झाले, काळाराम काय झाला, गोलमेज म्हणजे काय, हे आमच्या आईला शाळेने शिकवले नाही, गाण्याने शिकवले. आताच्या दणक्यात नाचायला येते, पण घरी परत आल्यावर पोराच्या डोक्यात काय उरते, हे ज्याने त्याने आपल्या पोराला विचारून पाहावे. २०१९ साली टीव्हीवर बाबासाहेबांवर मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत रोज रात्री त्या वेळेला सामसूम व्हायची. ज्या पोरांना पुस्तक धरवत नाही त्यांना त्या मालिकेमुळे रामजीबाबा कळले. साधन वाईट नसते. त्यात काय भरता ते पाहावे लागते.

देहूरोडला उतरलो तेव्हा गर्दी सुरू झाली होती. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पुस्तकांचे स्टॉल. रांगेत उभे राहून मूर्तीला वंदन केले, त्रिशरण-पंचशील झाले. देहूरोडच्या लष्करी डेपोत आपल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकावे. पुस्तकांच्या स्टॉलवर आमच्या पोरांनी बिल्ले आणि किल्लीच्या साखळ्या घेतल्या, बायांनी कॅलेंडर. पुस्तके घेतली ती चार. चारच. हिशोब आमच्याकडे असल्यामुळे आकडा खात्रीचा आहे.

तिथून पुढची लोकल धरून मळवली. मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याच्या वाटेला द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. खालून मोटारी सुसाट मुंबईकडे धावत असतात आणि समोर डोंगरावर विसापूर नि लोहगड. पावसाळ्यात इथे धबधब्यासाठी माणसांचा पूर येतो. पायऱ्यांपर्यंत येऊन, भिजून, भजी खाऊन परत जाणारे पुष्कळ. वर लेणी आहेत हे त्यांच्या गावीही नसते.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे सुमारे २२०० वर्षांची. एकूण २२. चैत्यगृहापुढे उभे राहिल्यावर आमच्यातल्या एका चौथीतल्या मुलीने विचारले, "यात बुद्ध कुठे आहेत?" प्रश्न बरोबर होता. आत मूर्ती नाही, नुसता स्तूप. त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरत नसत, स्तूपालाच वंदन करीत, हे तिला सांगितले. छताला लाकडी वासे आहेत आणि ते मूळचे आहेत. हे ऐकून आमच्यातल्या सुताराने मान वर केली ती बराच वेळ खाली घेतली नाही. दगडात घर कोरले तरी त्याला लाकडाचे वासे का, असे त्याने विचारले. आधीची घरे लाकडाची होती, कारागिराच्या हाताला तीच सवय होती, हे उत्तर त्याला पटले. तो म्हणाला, "आम्ही बी फर्निचर तसंच करतो. नवं मटेरियल आलं तरी हात जुनाच चालतो."

शेजारी स्तूपांचा एक समूहच आहे. १४ स्तूप, ५ आत आणि ९ बाहेर. काहींवर स्थविर भिक्खूंची नावे कोरलेली. धम्मगिरी, संघदिन अशी. आम्ही नावे मोठ्याने वाचून दाखवली आणि सगळ्यांनी साधुकार दिला. पण आमचे मन गुंतले ते सहाव्या लेण्यात. तिथे खोलीच्या दारावर दान देणाऱ्या बाईचे नाव आहे. बोधी, कुणी बाधा असेही वाचतात. हालिकाची बायको. हालिक म्हणजे नांगर धरणारा. राजाची राणी नाही, शेठाची शेठाणी नाही, नांगरकऱ्याची बायको. आम्ही विहाराच्या पावत्या फाडतो. अकरा रुपयांची पावतीसुद्धा माणसे घडी करून पाकिटात ठेवतात, आणि वार्षिक अहवालात नाव चुकले तर महिनाभर बोलत नाहीत. त्याचा आम्हाला कधीकधी वैताग येतो. बोधीचे नाव पाहिल्यावर वाटले, माणसाचे खरेच आहे. तिची पावती दगडावर आहे म्हणून ती आपल्याला भेटली. घरी काय खात होती, किती साठवले आणि कशातून साठवले, नवऱ्याला विचारले की न विचारताच दिले, यातले काही लिहिलेले नाही. बायांनी मात्र खालून डबे आणायला सांगेपर्यंत तिच्यावरच चर्चा केली. "न विचारताच दिलं असणार," असे बहुमत पडले.

टोकाच्या लेण्यात रथात बसलेला एक आणि हत्तीवरचा एक अशी मोठी शिल्पे आहेत. सर्वसाधारणपणे त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. काही अभ्यासक ही बौद्ध ग्रंथातल्या मांधाता राजाची कथा असे म्हणतात. त्यांचा वाद त्यांच्यापाशी. तिथेच एक बाई तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. ढोलकीवाले काका तिच्यापुढे उकिडवे बसले. तिची बोटे, मनगट, वाद्याची ठेवण असे सगळे न्याहाळले आणि म्हणाले, "डावा हात बरोबर पडलाय." मुलींनी तिथे मोबाईलवर रील केली. एकीने शिल्पाला टेकून उभे राहायला सुरुवात केली तेव्हा काकांनीच तिला हाताला धरून मागे ओढले. "ती २२०० वरसं वाजवतीया, तिला धक्का नको." बिनाधक्क्याची रील चांगली झाली असे ऐकतो.

जेवण खाली झाडाखाली केले. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एका घरची सुकट. सुकटीचा डबा सगळ्यात आधी संपला.

दुपारी रिक्षा करून कार्ल्याला गेलो. पायऱ्या लागतात तिथपासून दोन्ही बाजूंनी नारळ, हळदकुंकू, फुले, खेळणी. वर चैत्याच्या अगदी तोंडाशी एकवीरेचे मंदिर आहे. ती कोळी-आगरी बांधवांची कुलदेवता. त्यांच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही, ती कष्टाचीच माणसे आहेत. पण नवख्या माणसाला वाटते की लेणे हा देवळाचा भाग आहे. दर्शनाची रांग लांबच लांब आणि शेजारी देशातले सगळ्यात मोठे चैत्यगृह, त्यात मोजकी माणसे, तीही बहुधा सावलीला आलेली. हे पाहिले की पोटात तुटते.

आमच्यातल्या एका सूनबाईच्या पिशवीत नारळ होता, हे पायऱ्या चढताना कळले. लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल नाही. दोघे कमावते, डॉक्टर चालू. कचेरीतल्या मैत्रिणींनी सांगितले की कार्ल्याला नवस बोल, अमकीला झाले, तमकीला झाले. संध्याकाळी टीव्ही लावावा तर एका वाहिनीवर देव, दुसऱ्या वाहिनीवर देवी, आणि मधल्या जाहिरातीत कसले तरी यंत्र. आमच्या एका कार्यकर्त्याने तिथेच पायरीवर उभे राहून तिला विचारले, "बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना?" ती रडू लागली. ज्याने विचारले त्याने नव्या घरात स्वयंपाकघराचे दार वास्तुवाल्याला विचारून हलवले आहे, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. पण त्या वेळी कुणी बोलले नाही.

बोलल्या त्या आमच्या आजी. वय ७५. १९५६ साली दीक्षा झाल्यावर त्यांच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक पाटीत घालून नदीत टाकले, तेव्हा या सात वर्षांच्या. पाटी धरायला याच होत्या. त्या सूनबाईला म्हणाल्या, "बाई, मी टाकलेलं तू पाण्यातनं कशाला काढतीस?" आणि मग त्या कार्यकर्त्याकडे वळून, "आन् तू गप. तुला प्वार हाये." सूनबाईला हाताला धरून त्या चैत्यात घेऊन गेल्या.

कार्ल्याचे चैत्यगृह सव्वाशे फुटांच्या आसपास लांब आणि पंचेचाळीस फूट रुंद आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेले की पहिली दोन मिनिटे काही दिसत नाही. मग एकेक खांब पुढे येतो, त्यावरचे हत्ती आणि जोडपी दिसू लागतात, आणि शेवटी स्तूप, त्यावर लाकडाची छत्री, तीही जुनीच. इथे वैजयंतीच्या भूतपाल शेठाचा लेख आहे की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम. शेठ म्हटल्यावर एवढी ऐट चालायचीच. पण दाराच्या कामाशी धेनुकाकटाचा गंधी सिंहदत्त आणि सुतार सामी यांचीही नावे आहेत, खांबांवर यवनांची. आजींनी आम्हाला ती सगळी नावे वाचायला लावली. "ह्यातल्या कुणी नवस बोलल्याचं लिवलंय का?" असे विचारले. आम्ही सांगितले, दान दिले एवढेच लिहिले आहे. सूनबाई एका खांबाच्या बुडाशी बसून राहिली, आजी शेजारी पाय पसरून. दोघींत काय बोलणे झाले ते आम्ही ऐकायला गेलो नाही.

नारळाचे पुढे काय झाले तेही आम्हाला माहीत नाही. उतरताना पिशवी तिच्या नवऱ्याच्या खांद्याला होती आणि आजींची सक्त ताकीद होती की कुणी विचारायचे नाही. आमचे मत एवढेच की, तिला प्रतिज्ञा विचारणाऱ्यांपैकी एकानेही आजवर दवाखान्यात तिच्याबरोबर जायची तयारी दाखवली नव्हती. तपासण्यांना रजा लागते, पैसा लागतो, आणि बाईबरोबर बाई लागते. मैत्रिणींनी नवस सुचवला कारण त्यांनी निदान विचारपूस तरी केली. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नाव न घेता मांडला. दोन बाया सोबत जायला तयार झाल्या, त्यातली एक स्वतः सरकारी रुग्णालयात आया आहे, तिला कुठल्या खिडकीला काय लागते ते पक्के ठाऊक आहे.

जमा २,३००, खर्च २,११५. शिल्लक १८५ रुपयांत विहारासाठी दुसऱ्या खेपेला पुस्तके घ्यायची ठरली आहेत. पुढची सहल बेडसे लेण्यांची, त्यासाठी कामशेतला उतरायचे. ज्यांना यायचे त्यांनी पाण्याची बाटली आणि डबा घरचा आणावा. दुपारच्या परतीच्या गाड्यांची वेळ स्टेशनवर आधी विचारून ठेवावी. स्पीकर आणला तरी चालेल, पण आजींनी अट घातली आहे की जे गाणे लावाल त्याचे शब्द कुणाचे ते आधी सांगायचे.