५७ किलोचं तिकीट

डोंबिवली (पूर्व)
१५ जानेवारी २०२५

चि. सोहम यास,


परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे, तुझ्या कोचने तुला 'बँटमवेट' गटात घातलंय, तर बँटम म्हणजे काय. आणि दुसरी, हॅलिफॅक्सला निघताना तुझ्या आजोबांच्या, अण्णांच्या ट्रंकेत तुला वजनाचं एक जुनं तिकीट सापडलं होतं, ते ताईने तुझ्या हातातून घेऊन मुकाट्याने पुन्हा आत का ठेवलं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. शिवाय आजची तारीख ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या पैलवान खाशाबा जाधवांच्या जन्माची. म्हणून सकाळी क्रीडासंकुलात चालून आलो तो तसाच लिहायला बसलो आहे.

आधी तिकिटाचं सांगतो. १९७४ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या ठाण्याला झाल्या. मी दहा वर्षांचा होतो. अण्णांनी कल्याणच्या लोको शेडमधून रजा काढली आणि आम्ही दोघं लोकलने ठाण्याला गेलो. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा तेव्हा काही फार जुनी नव्हती. १९६१ साली औरंगाबादला ती सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. पण तेरा वर्षांत तिचा दबदबा असा झाला होता की तो मान मिळवणाऱ्या पैलवानाचं नाव गावोगावच्या पारावर घेतलं जायचं. ठाण्यात तो मान कोल्हापूरच्या युवराज पाटलांनी मिळवला. मला डाव कळत नव्हते. हलगीचा कडकडाट आठवतो, मांडीवर शड्डू पडल्याचा आवाज आठवतो आणि पैलवानांचे अगडबंब देह आठवतात. अण्णांनी परतताना स्टेशनवर मला विचारलं, "काय पाहिलंस?" मी म्हटलं, "सगळे केवढे मोठे होते!"

अण्णा काही बोलले नाहीत. फलाटावर वजनाचं यंत्र होतं, रंगीत दिवे आणि फिरतं चाक असलेलं. ते त्यावर चढले, दहा पैशांचं नाणं टाकलं आणि खाली पडलेलं पुठ्ठ्याचं तिकीट माझ्या हातात दिलं. त्यावर ५७ छापलं होतं. "हे खाशाबाचं वजन," ते म्हणाले. "एवढ्या वजनात माणूस जगात तिसरा आला." ते हेच तिकीट.

अण्णा मूळचे कराडकडचे. तरुणपणी तालमीत जायचे, पण अंगाने किरकोळ. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्ती काट्यावर तोलून लावत नाहीत. पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, खांदे-दंड नजरेने मापतात आणि जोड लावतात. लहान पोरांच्या कुस्त्या आधी, रेवड्यांवर. मग नारळाच्या, मग पैशांच्या. दिवस कलायला लागला की एक नंबरची कुस्ती, मोठ्या इनामाची. गर्दी तिच्यासाठीच थांबलेली असते. अण्णा विशीत आले तरी त्यांना रेवड्यांच्या कुस्तीच्या वर कुणी येऊ दिलं नाही. एका जत्रेत त्यांनी पंचांपाशी हट्ट धरला, तर पंच म्हणाले, "पोरा, तुझी जोड कुठून आणू?" तेव्हापासून त्यांनी लांग चढवली नाही. हे सगळं ते मला त्या दिवशी ठाणे ते डोंबिवलीच्या प्रवासात सांगत होते, खिडकीबाहेर बघत.

मातीतल्या कुस्तीचा मला मनापासून अभिमान आहे. पण या एका बाबतीत ती हलक्या माणसावर अन्याय करत आली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजसुद्धा महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोंच्या गटातल्या मल्लालाच मिळते. बाकीच्या वजनगटांचे विजेते कोण, हे दुसऱ्या दिवशी किती जणांना सांगता येतं?

आता तुझा बँटम. जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याचं बँटम केलं. तिकडच्या ठेंगण्या पण भांडखोर कोंबड्यांना तेच नाव चिकटलं आणि कोंबड्यांवरून ते लहान चणीच्या मुष्टियोद्ध्यांना. हा गट कुणी एका दिवशी बसून ठरवला नाही. एकोणिसाव्या शतकात त्याची वरची मर्यादा कधी १०५ पौंड, कधी ११०, कधी ११५ अशी सरकत होती. त्या त्या वेळच्या विजेत्याला जे वजन मानवेल ते. ११८ पौंडांवर, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंवर, ती स्थिरावली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी.

आणि या गटाच्या सुरुवातीच्या विजेत्यांत सगळ्यात मोठं नाव आहे ते तू राहतोस त्या गावचं. जॉर्ज डिक्सन. १८७० साली हॅलिफॅक्सच्या आफ्रिकव्हिल वस्तीत जन्मला. उंची जेमतेम सव्वापाच फूट. १८९० साली लंडनला जाऊन त्याने नंक वॉलेसला हरवलं आणि बँटमवेटचं जगज्जेतेपद पक्कं केलं. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. पुढच्याच वर्षी तो वरच्या फेदरवेट गटात गेला आणि तिथेही जिंकला. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा हातात काही उरलेलं नव्हतं. त्याची वस्ती पुढे १९६०च्या दशकात शहराच्या कारभाऱ्यांनी पाडली. पण हॅलिफॅक्समध्ये त्याच्या नावाचं केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन ये.

वजनगट नसते तर डिक्सनसारख्याला कुणी विचारलं असतं का, हा प्रश्न मी बरेचदा मनाशी घोळवतो. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्ती होती, पण वजनगट नव्हते. सगळे एकाच फडात. तिथे कार्ल शुमान हा बुटका जर्मन जिम्नॅस्ट जिंकला, त्याच्याहून पुष्कळ धिप्पाड अशा वेटलिफ्टरला लोळवून! असं घडतं, पण क्वचित. क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर पोरांना आयुष्य बेतता येत नाही.

आता खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १९२६ साली जन्म. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती खेळलेले, खाशाबा पाच भावांत धाकटे. शाळा कराडची टिळक हायस्कूल, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. तिथली एक गोष्ट अण्णा पुन्हा पुन्हा सांगत. कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला खाशाबा गेले, तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून परत पाठवलं. ते थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी खेळू दिलं, आणि खाशाबांनी आपल्याहून तयारीच्या पैलवानांना चीत केलं. नजरेने मापणाऱ्यांचं माप तिथे चुकलं. ही गोष्ट सांगताना अण्णांचा आवाज दर वेळी कापायचा, आणि तो का कापतो हे मला फार उशिरा कळलं.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेट गटात, ५२ किलोंत उतरले. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. खाशाबा लाल मातीत वाढलेले, पाय मातीत रुतवून डाव टाकणारे; तिथे गादी. तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला एक गट वर, कुस्तीतल्या बँटमला. वजन ५७ किलो. यावेळी पैसा उभा करता करता जीव मेटाकुटीला आला. सरकारकडून ऐकायला मिळालं की स्पर्धा झाल्यावर या. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी जमेल ते दिलं, आणि खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. एका विद्यार्थ्याच्या ५७ किलोंवर एका प्राचार्यांनी राहतं घर लावलं, सोहम. मी हे अनेकदा सांगितलंय, पण दर वेळी इथे थांबावंसं वाटतं.

हेलसिंकीत त्यांनी पहिल्यांदा हरवलं ते तुझ्या कॅनडाच्याच एड्रियन पोलिक्विनला. मग मेक्सिकोचा बासुर्टो, मग जर्मनीचा श्मिट्झ. ढाक हा त्यांचा लाडका डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घेऊन त्याला स्वतःच्या अंगावरून फेकायचं. यात वजनापेक्षा वेळ साधावी लागते. पुढे जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. त्यानंतर पुरती विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं केलं, आणि दाद मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. इशीला सुवर्ण, सोव्हिएत पैलवानाला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं.

ते पदक घेऊन परतले तेव्हा कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या सजून उभ्या होत्या. अण्णा अठरा वर्षांचे, त्यातल्या एका गाडीच्या मागे चालत होते. थोडक्या अंतराच्या वाटेला कित्येक तास लागले. अण्णा सांगत, गाडीत उभा असलेला माणूस गर्दीत दिसेना, इतका लहानखुरा. लोक टाचा उंचावून बघत होते. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसा जमवला आणि खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.

पुढची हकीकत लांबवत नाही. १९५५ साली मुंबई पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

अण्णा असते तर २०२४चं पॅरिस ऑलिंपिक मी त्यांना शेजारी बसवून दाखवलं असतं. रवी दहियाने टोकियोत रौप्य आणलं ते ५७ किलोंत. पॅरिसला अमन सेहरावतने कांस्य आणलं तेही ५७ किलोंत. आता ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचा हा सगळ्यात हलका गट आहे. आपल्या बीडचा राहुल आवारे २०१८ साली राष्ट्रकुलात सुवर्ण जिंकला तोही याच वजनात. पण काट्याचं दुसरं रूपही पॅरिसलाच दिसलं. विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि ५० किलोंवर १०० ग्रॅम भरली म्हणून बाहेर गेली. दोन दिवसांनी अमनला आपलं वजन एका रात्रीत साडेचार किलोंहून जास्त उतरवावं लागलं.

हे मुद्दाम लिहितो आहे. तू म्हणालास, पुढच्या वेळी वजन करण्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद करणार आहेस. करू नकोस. ५४ किलोंच्या गटात बसत नसलास तर ५७ मध्ये खेळ. खाशाबाही एक गट वर गेले आणि तिथेच पदक आलं, डिक्सनही वर गेला. कोचला स्पष्ट सांग आणि काय ठरलं ते मला कळव.

तिकीट पोस्टाने पाठवत नाही. पुठ्ठा कडेने सुटत आलाय, आकडाही फिकट झालाय. ताई म्हणते, तू दिवाळीत आलास की ती स्वतः तुझ्या हातात देईल. ठाणे स्टेशनवर आता वजनाचं यंत्र नसलं तरी आपण दोघं त्या फलाटावर जाऊन येऊ.

तुझा,
मामा