चिखलदऱ्याची वाट : प्रवासाची दैनंदिनी, भाग पहिला

शनिवार

काचीगुडा स्थानकाच्या घुमटांवर ऊन यायच्या आत आम्ही फलाटावर होतो. बाबांनी रात्रीच बजावलं होतं, "साडेसहाला स्टेशन म्हणजे साडेसहाला." सामान मोजकंच. दशम्या, दाण्याची चटणी, आवकायची लहान बरणी, उस्मानिया बिस्किटांचा डबा आणि बेनिशान आंब्यांची एक पेटी. पेटी कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "आत्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नसतात." आत्याआजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचा नातू अचलपुरात त्याच घरात राहतो.

बाबा शहात्तर वर्षांचे. जन्म इसामिया बाजारातला, सगळी नोकरी हैदराबादेतच. सत्तरच्या दशकात ते उन्हाळ्यात आत्याकडे जायचे तेव्हा काचीगुड्याहून मीटरगेजनं अकोला गाठायचं, तिथून ब्रॉडगेजनं मूर्तिजापूर आणि मूर्तिजापुरात 'शकुंतला'च्या नॅरोगेज डब्यात बसून अचलपूर. एका प्रवासात रुळांची तीन मापं. आता पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला आहे आणि शकुंतला बंद पडली आहे. अचलपूरला पोचलं की आत्या त्यांना गच्चीवर नेऊन उत्तरेकडची निळी भिंत दाखवायची. "त्यावर चिखलदरा. पुढच्या वर्षी जाऊ." ते पुढचं वर्ष कधी उगवलं नाही. म्हणून यंदा मीच तिकिटं काढली.

नरखेडची इंटरसिटी निजामाबाद सोडून बासरकडे निघाली तेव्हा डबा अर्धा तेलुगू, अर्धा मराठी होता. गोदावरीच्या पुलावर सगळे हात मात्र एकाच वेळी जोडले गेले. मे महिन्याची गोदावरी, पाण्यापेक्षा वाळूच जास्त. पुढे धर्माबादला पाट्या बदलल्या, भाषा बदलली नाही. समोरच्या बाई मघापासून फोनवर तेलुगूत आणि नवऱ्याशी मराठीत बोलत होत्या, त्या तशाच बोलत राहिल्या. सीमा नकाशावर जितकी ठळक दिसते तितकी गाडीच्या डब्यात दिसत नाही, हे मला प्रत्येक खेपेला नव्यानं जाणवतं.

नांदेड, पूर्णा, वसमत. हिंगोलीनंतर खिडकीतून भट्टीसारखा वारा येऊ लागला. बाबांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला. वाशीमला ते जागे झाले आणि म्हणाले, "इथं पूर्वी इंजिन पाणी प्यायचं." रात्री बडनेऱ्याला उतरून अमरावतीत मुक्काम.

रविवार

अमरावती ते परतवाडा पन्नासेक किलोमीटर. एसटीत कंडक्टरनं आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कुठून आले बाप्पा तुमी?" हैदराबाद म्हटल्यावर म्हणाला, "अन् घरी मराठीच बोलता?" बाबा ताठ बसले. "चार पिढ्या झाल्या," म्हणाले.

परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा ही छावणी, आणि त्या छावणीत असायची ती हैदराबाद कंटिन्जंट, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रजांनी पोसलेली फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं सहाव्या निजामाकडून ते वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. मुलूख हातचा गेला तरी नाव सुटलं नाही. पुढे १९३६ मध्ये युवराज आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. लहानपणी चारमिनारच्या आसपास जुन्या माणसांच्या तोंडी 'बेरार के शहजादे' ऐकलेलं. हे बेरार म्हणजे आत्याआजीचं अंगण, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं.

आंब्यांची पेटी दिली. नातसुनेनं बाबांना आधी पाणी, मग गूळ दिला आणि वाकून नमस्कार केला. गच्चीवर आता पाण्याची टाकी आहे. तिच्या मागून निळी भिंत तशीच दिसते. बाबा बराच वेळ टाकीला हात टेकून उभे होते.

दुपारनंतर जीपनं घाट चढलो. साग मे महिन्यात उघडेबोडके असतात, सगळा डोंगर तांबूस राखी. अर्ध्या घाटात हवा एकदम पालटली. घाम वाळला आणि बाबांनी जीपवाल्याला काच खाली करायला सांगितली.

सोमवार

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, वस्ती पाच हजारांच्या आसपास. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ मध्ये हे ठिकाण 'शोधलं', असं ज्याच्या त्याच्याकडून ऐकायला मिळतं. शोधलं हा शब्द मला मान्य नाही. शेजारच्या गाविलगडाचं नावच गवळ्यांवरून पडलं आहे, आणि कोरकूंच्या वाड्या या डोंगरात कुणाच्या शोधाची वाट पाहत बसल्या नव्हत्या. कोरकू भाषा मराठीच्या किंवा तेलुगूच्या गोतातली नाही, ती मुंडारी कुळातली. संथाळी तिची लांबची बहीण. मुंडारी घराण्याचं हे सगळ्यात पश्चिमेकडचं टोक. सकाळी रस्त्याकडेला एक कोरकू बाई पळसाच्या द्रोणात चारं घेऊन बसली होती. चारोळीचं फळ आम्ही पहिल्यांदाच खाल्लं. बाहेर जांभळा गर, आत दगडासारखी बी. ती बी फोडून काढलेला एवढासा दाणा आम्ही शहरात बासुंदीवर पेरतो. एक पायली चारोळी निघायला किती हात लागत असतील, हे त्या बाईच्या बोटांकडे पाहून कळलं.

भीमकुंडाची दरी पाहिली. भीमानं कीचकाला मारून इथं टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा झाला, अशी इथली कथा. देवी पॉइंटला कपारीतल्या देवीवर या कोरड्या मे महिन्यातही खडकातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. बाबांनी बाटली भरून घेतली. खाली मेळघाटातल्या कितीतरी गावांत या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. तो विचार मनातून जाईना, म्हणून अंघोळीला मी अर्धीच बादली घेतली.

संध्याकाळी गवळ्याकडची रबडी खाल्ली.

मंगळवार

गाविलगड. पहाटेच निघालो, कारण किल्ल्यावर सावली नाही.

बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं १४२५ मध्ये हा किल्ला बांधला. पुढे तो इमादशाहीकडे गेला. एका दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. हे चिन्ह विजयनगरकडचं. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा तिकडचाच कानडी मुलगा, लढाईत पकडून आणलेला. धर्म बदलला, दरबार बदलला, आणि तरी दरवाजावर हा पक्षी आला. गोवळकोंड्याच्या दरवाजांवरचे मोर आणि सिंह पाहत वाढलेल्या माणसाला हा पक्षी परका वाटत नाही. दख्खनचं हे मिश्रण मला मनापासून प्रिय आहे.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं किल्ला सर केला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. किल्ल्याला जमिनीवरून भिडता येतं ते उत्तरेकडूनच. त्या बाजूला तोफा नेण्यासाठी कर्नल स्टीव्हनसनची फौज एलिचपूरहून निघाली. वाट पाडत, ओढत, ढकलत तोफा डोंगरापार नेल्या. ही फौज हैदराबादची तैनाती फौज. ज्या घाटांना आम्ही परवा खिडकीतून निरखलं, त्यांच्या अंगाखांद्यावरून हे ओझं वर आलं. ओढणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

बाबांना आतल्या मशिदीपर्यंत जायचं होतं. गुडघे दुखत असतानाही गेले. तलावाच्या काठी बसून दशमीचा शेवटचा तुकडा आणि आवकायची फोड खाल्ली.

संध्याकाळी पठाराच्या दक्षिण कडेला आलो. खाली वऱ्हाडचं मैदान धुळीनं धूसर. अंधार पडला तसे दिवे लागत गेले, एक दाट पुंजका आणि त्याला चिकटलेला एक लहान. चहावाला म्हणाला, "थे परतवाडा, अन् थे अचलपूर." बाबांनी चष्मा पुसला, खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नातसुनेला लाव. म्हणावं, गच्चीवर ये आणि टाकीमागचा दिवा दोनदा बंद-चालू कर."

तिनं केला की नाही, इतक्या लांबून मला काही दिसलं नाही. बाबा म्हणाले, "दिसला."

उद्या सेमाडोह.