पंखा बसवण्याआधी

रेवदंडा, वैशाख

प्रिय भाचेबुवा,

पाठवलेले फोटो नीट मोठे करून पाहिले. बोटीच्या मशीनच्या पंख्याची एक पाती मुळापासून दुमडली आहे, दुसरीचं टोकच उडालंय. तो ठोकून सरळ करायचा विचार सोडून दे. वाकलेलं ॲल्युमिनियम ठोकलं की वरून बरं दिसतं, पण आत चीर राहते. शिवाय पात्यांचा तोल गेलेला असला की थरथर दांड्यावर आणि ऑईल सीलवर येते. नवाच घे.

तुम्हा पोरांनी पुराच्या वेळी लोकांना काढायला म्हणून हे जुनं मशीन आणि बोट घेतलीत, याचा मला फार अभिमान वाटतो. 27 जुलै 2019 ला वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, आठवतं ना? हजाराहून जास्त प्रवासी रबरी बोटींच्या मदतीनं बाहेर काढले. ती हीच उल्हास, तुमच्या कर्जतवरून खाली गेलेली. खोपोलीकडे पाताळगंगाही तशीच घाटाखालची, वर पाऊस झाला की बघता बघता फुगणारी. एनडीआरएफचं बचाव पथक येईपर्यंतचे पहिले काही तास गावातल्याच लोकांचे असतात. म्हणून या पंख्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी माप. जुन्या पंख्याच्या बोंडावर दोन आकडे कोरलेले सापडतील, ब्रशनं घासून बघ. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे स्क्रू लाकडात जातो तसा पंखा घसरला नाही तर एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते. पाण्यात तो घसरतोच, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी जातो. दुकानदार तुला तोच आकडा देईल, किंवा ‘पळेल चांगली’ म्हणून मोठ्या पिचचा देईल. घेऊ नकोस. रिकाम्या बोटीत दोघं बसून वेगात जायला मोठा पिच चांगला. तुमच्या बोटीत माणसं भरलेली असणार, भिजलेली, घाबरलेली, वर एखाद्या आजीचं बोचकं, आणि नाक प्रवाहाच्या विरुद्ध. तेव्हा मोठ्या पिचचा पंखा मशीनला दाबून टाकतो. थ्रॉटल पूर्ण उघडूनही फेरे चढत नाहीत, टू-स्ट्रोक मशीन तापतं, आणि बोट जागच्या जागी घरघरत राहते. पिच एक इंचानं कमी केला की फेरे मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशेनं वाढतात. पूर्ण थ्रॉटलला किती फेरे हवेत हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. माणसं भरून, टॅकोमीटर लावून ते बघ. त्या हद्दीच्या वरच्या टोकाजवळ येणारा पंखा तुमचा. त्या हद्दीच्याही वर मात्र जाऊ देऊ नकोस.

मशीन इव्हिनरूडचं आहे. ओल इव्हिनरूडनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बोटीला मागे लावायच्या मशीनांचा, म्हणजे आऊटबोर्डचा, धंदा सुरू केला, आणि 2020 मध्ये त्या नावाची आऊटबोर्ड बनवणंच बंद झालं. तेव्हा कंपनीच्या डब्यातला पंखा मिळेल ही आशा ठेवू नकोस. दुसऱ्या कंपन्यांचे चालतात, पण मशीनचा मॉडेल नंबर आणि जुना पंखा दोन्ही घेऊनच दुकानात जा. नुसता हॉर्सपॉवर सांगून आणलेला पंखा दांड्यावर बसेलच असं नाही.

आता बसवणं. सगळ्यात आधी प्लगची वायर काढ आणि मशीन न्यूट्रलमध्ये टाक. गिअरमध्ये असलेलं जुनं मशीन पंखा हातानं फिरवला तरी पेटू शकतं. वरची प्लेट आणि पाती यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकव म्हणजे नट सोडताना पंखा फिरणार नाही. निघालेला प्रत्येक भाग, वायसरसुद्धा, फडक्यावर निघाल्या क्रमानं आणि निघाल्या तोंडानं मांडून ठेव, फोटो काढ. पंखा अडकला असेल तर तेल सोडून रात्रभर थांब, मग लाकडानं हळू ठोक. पात्यावर लोखंडी हातोडा नको.

पंखा निघाला की दांड्याच्या मुळाशी बघ. हे कोणी बघत नाही. गळाची तंगूस तिथे गुंडाळून बसलेली असते, केसासारखी बारीक, आणि ती सील कापते. मग गिअर ऑईलमध्ये पाणी शिरतं आणि ते दुधाळ होतं. तसं दिसलं तर नव्या पंख्याआधी सील बदल. आमच्या खाडीत तंगूस, तुमच्याकडे पुरात वाहून आलेलं प्लॅस्टिक, दोऱ्या, फाटकी कापडं. दोन्हीचा परिणाम एकच.

दांडा पुसून पाण्यात न धुपणारं ग्रीस लाव. तुझ्या मशीनला शिअर पिन आहे. ती दांड्याच्या आरपार जाते आणि पंख्याच्या खाचेत बसते. पंखा दगडावर आपटला की ती तुटावी म्हणूनच नरम केलेली असते. ती तुटते म्हणून आतले गिअर वाचतात. आमच्याकडे खाली रेती-चिखल असतो, तुमच्या नदीत काळा फत्तर. पिन तुटत राहील, आणि कोणीतरी हुशार तिथे खिळा किंवा स्टीलचा बोल्ट घालायला सांगेल. अजिबात ऐकू नकोस. पुस्तिकेतल्या मापाची आणि धातूचीच पिन घाल. नट आवळताना कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर उलटा सैल करू नकोस, जरा पुढे आवळ. कॉटर पिन दर वेळी नवी, दोन्ही पाय नीट दुमडलेले.

बोंडात रबर असेल तर रंगानं रबराच्या आतली नळी आणि बाहेरचं बोंड यांच्यावर एक सलग रेघ ओढून ठेव. फेरे चढले पण बोट हलली नाही, तर ती रेघ बघ. तुटून सरकलेली दिसली की रबर सुटलं.

आणि पंख्याभोवती जाळीचा गार्ड बसवच. ताकद थोडी कमी होईल, म्हणून पिच निवडताना तो बसवूनच चाचणी घे. पाण्यातल्या माणसाकडे खालच्या अंगानं, नाक प्रवाहाकडे ठेवून जायचं आणि तो हाताशी आला की न्यूट्रल. गार्ड असला तरी न्यूट्रल.

पिना, कॉटर पिना, एक जादा नट, वायसर, प्लग आणि पाना एका डबीत भरून बोटीला बांधून ठेव. अंधारात, पावसात, थरथरत्या हातानं पिन बदलायची सवय दोघातिघांना तरी हवी, एकट्या तुला नाही.

कोरड्यावर मशीन चालवून बघू नकोस, पाण्याचा पंप जळेल. सध्या नदीला पाणी नाही, तेव्हा एखाद्या तलावावर रीतसर परवानगी काढून, लाइफ जॅकेट घालून, माणसं भरून चाचणी घ्या. मृग 7-8 जूनला लागतो. त्याआधी हे सगळं उरकून फेऱ्यांचे आकडे मला कळव, पिच बदलायला हवा की नको ते मी लगेच सांगतो.

तुझा,
मामा